दुसरी बाजू लिहायला शिकवा: युक्तिवादी लेखन आणि विद्यापीठातला चिकित्सक विचार

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारशक्तीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. हे उद्दिष्ट कोणालाच अमान्य नाही. प्रश्न इतकाच, की पदवीच्या तीन-चार वर्षांत ही शक्ती खरोखर वाढते का, आणि वाढवायची असेल तर कोणत्या कामातून. पहिल्या प्रश्नाचे भारतापुरते उत्तर अस्वस्थ करणारे आहे. २०२१ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात भारत, चीन, रशिया आणि अमेरिका या चार देशांतील संगणकशास्त्र व विद्युत अभियांत्रिकीच्या हजारो विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतीय विद्यार्थ्यांची विषयाची जाण पहिल्या दोन वर्षांत वाढलेली दिसली, पण चार वर्षांच्या अखेरीस चिकित्सक विचाराच्या क्षमतेत वाढ आढळली नाही. चीन आणि रशियातही ती आढळली नाही. हा अभ्यास अभियांत्रिकीपुरता आहे, हे खरे. तरी कला आणि वाणिज्य शाखांत आपण ज्या प्रकारचे प्रश्न विचारतो आणि ज्या प्रकारची उत्तरे स्वीकारतो, ते पाहता तिथले चित्र वेगळे असेल असे मानायला फारसा आधार नाही.

दुसऱ्या प्रश्नाला जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी गेल्या अर्धशतकात दिलेले एक ठळक उत्तर म्हणजे युक्तिवादी लेखन. विद्यार्थ्याने वादग्रस्त प्रश्नावर भूमिका घ्यावी, तिला आधार द्यावेत आणि आक्षेपांना उत्तरे द्यावीत, म्हणजे विचार धारदार होतो, अशी ही धारणा आहे. ती बरोबर आहे. मात्र उपलब्ध संशोधन नीट वाचले तर ती अर्धीच बरोबर ठरते. नुसते लिहिल्याने विचार सुधारतोच असे नाही. आपल्याला न पटणारी बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडून तिला उत्तर द्यावे लागते आणि इतरांच्या हरकती ऐकून मजकूर पुन्हा लिहावा लागतो, तेव्हा तो सुधारतो. पूर्वपक्ष आणि पुनर्लेखन या दोन गोष्टी गाळल्या, तर उरलेला निबंध हा पाठांतराचाच एक प्रकार होतो. या आढाव्यातून निघणारा मुख्य निष्कर्ष हाच आहे.

चिकित्सक विचार म्हणजे काय, याबाबत अभ्यासकांत मतभेद असले तरी गाभ्याबद्दल बऱ्यापैकी एकमत आहे. जॉन ड्यूई यांनी १९१० साली ‘हाऊ वी थिंक’ या ग्रंथात चिंतनशील विचाराचे विवेचन केले. एखाद्या समजुतीला कोणते आधार आहेत आणि ती मानल्यास पुढे काय निष्पन्न होते, याचा सतत आणि काळजीपूर्वक विचार करणे, हे त्याचे मर्म. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच ड्यूईंचे विद्यार्थी होते आणि ते ऋण त्यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. १९६२ साली रॉबर्ट एनिस यांनी या क्षमतेची शिकवता आणि तपासता येईल अशी फोड केली. १९९० मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या पुढाकाराने ४६ तज्ज्ञांनी विचारविनिमय करून अर्थ लावणे, विश्लेषण, मूल्यमापन, अनुमान, स्पष्टीकरण आणि स्वतःच्या विचाराची तपासणी अशी सहा कौशल्ये निश्चित केली. या यादीतले शेवटचे कौशल्य सर्वांत अवघड आहे. दुसऱ्याच्या म्हणण्यातल्या चुका दाखवणे बहुतेकांना जमते. तेच निकष स्वतःच्या मताला लावणे फार थोड्यांना जमते, आणि विद्यापीठाचे खरे काम तिथेच सुरू होते.

या कामी लेखनच का, चर्चा का नाही? जॅनेट एमिग यांनी १९७७ साली लिहिलेल्या एका निबंधात याचे उत्तर आहे. बोललेले विरून जाते, लिहिलेले डोळ्यांसमोर राहते. त्यामुळे लिहिणाऱ्याला आपल्याच विचाराकडे परक्यासारखे पाहता येते. ‘म्हणून’ हा शब्द बोलताना सहज निघून जातो. कागदावर लिहिला की आधीचे वाक्य आणि नंतरचे वाक्य यांचा संबंध खरेच आहे का, हे तपासता येते. पण ही शक्यता आपोआप प्रत्यक्षात उतरत नाही. कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामालिया यांनी १९८७ च्या ग्रंथात लेखनाच्या दोन रीती वेगळ्या केल्या. एका रीतीत लेखक विषयाबद्दल जे आठवेल ते ओळीने उतरवत जातो. दुसऱ्या रीतीत लिहिण्याच्या ओघात त्याला आपल्या माहितीतली विसंगती दिसते, म्हणणे बदलावे लागते, आणि लेख संपतो तेव्हा त्याचे ज्ञान पहिल्यासारखे राहिलेले नसते. विद्यापीठात जे लेखन होते त्याचा बहुतांश भाग पहिल्या रीतीचा असतो. ‘टिपा लिहा’, ‘सविस्तर उत्तर लिहा’, ‘महत्त्व विशद करा’ या प्रश्नांना आठवलेला मजकूर नेटका मांडला की पुरते. तेव्हा ‘आमचे विद्यार्थी पुष्कळ लिहितात’ हे म्हणणे खरे असूनही चिकित्सक विचाराच्या दृष्टीने त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

लेखनाच्या परिणामाविषयीचे पुरावे याच दिशेने बोट दाखवतात. रिचर्ड अरम आणि योसिपा रोक्सा यांनी २०११ साली ‘अकॅडेमिकली अड्रिफ्ट’ या पुस्तकात अमेरिकेतील २४ संस्थांमधल्या २,३२२ विद्यार्थ्यांचा मागोवा मांडला. त्यांच्या मोजणीनुसार पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या विचारकौशल्यात उल्लेखनीय वाढ झाली नव्हती. ज्यांना आठवड्याला ४० पानांहून अधिक वाचन आणि सत्रात २० पानांहून अधिक लेखन करावे लागले, त्यांची प्रगती इतरांपेक्षा चांगली होती. या पुस्तकावर संख्याशास्त्रीय आक्षेप आले आणि त्यांत तथ्य होते. एकेका विद्यार्थ्याच्या गुणांतील फरक सांख्यिकीय कसोटीवर उतरला नाही, म्हणजे तो काहीच शिकला नाही, असा अर्थ काढता येत नाही. पुढे ख्रिस्तोफर ह्यूबर आणि नेथन कुन्सेल यांनी २०१६ मध्ये ७१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा पदवीच्या काळात चिकित्सक विचार प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.५९ पट वाढतो असे दिसले. मात्र जुन्या अभ्यासांच्या तुलनेत अलीकडच्या अभ्यासांत ही वाढ कमी होती. म्हणजे महाविद्यालय काहीच करत नाही, हा टोकाचा निष्कर्ष चूक आहे. तसेच, ते आपोआप पुरेसे करते, ही समजूतही चूक आहे.

पानांच्या संख्येपेक्षा कामाचे स्वरूप महत्त्वाचे, हे दोन मोठ्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. बँगर्ट-ड्राउन्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लेखनातून शिकवण्याच्या ४८ प्रयोगांचा धांडोळा घेतला. सरासरी परिणाम चांगला पण छोटा होता. विद्यार्थ्यांना स्वतःच्या समजुतीकडे, गोंधळाकडे वळून पाहायला लावले तिथे तो वाढला, आणि लेखन फार लांबवले तिथे घटला. २०१५ साली पॉल अँडरसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ८० संस्थांमधल्या ७० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या अनुभवांचे विश्लेषण केले. शिक्षणाशी निगडित गोष्टी तीन निघाल्या: लिहिताना इतरांशी देवाणघेवाण, अर्थ लावायला भाग पाडणारे काम आणि शिक्षकाच्या स्पष्ट अपेक्षा. पाने किती लिहिली, यापेक्षा या तिन्हींचे वजन अधिक होते. विज्ञान शाखेतही हे घडू शकते. वॉशिंग्टन राज्यातील एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काही गटांना नेहमीच्या चाचण्यांऐवजी गटाने चर्चा करून लिहिण्याचे काम दिले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लिहिणाऱ्या गटांच्या विश्लेषण आणि अनुमान या कौशल्यांत वाढ झाली. चाचण्या देणाऱ्या गटांत ती झाली नाही.

आता या साऱ्या चर्चेच्या मध्यबिंदूकडे येऊ. डीॲना कून यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या वयांच्या आणि शिक्षणाच्या १६० लोकांना रोजच्या जीवनातले प्रश्न विचारले होते: मुले शाळेत नापास का होतात, सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे का वळतात, बेरोजगारी कशाने येते. मत सर्वांकडे होते. पुरावा मागितल्यावर अनेकांनी तेच मत वेगळ्या शब्दांत सांगितले. आपले मत चुकीचे ठरवायला कोणाला काय दाखवावे लागेल, याचे उत्तर अनेकांना सुचले नाही. डेव्हिड पर्किन्स यांच्या १९८५ च्या अभ्यासात प्राथमिक शाळेनंतरच्या शिक्षणाचा अशा दैनंदिन तर्कावर फारच थोडा परिणाम दिसला. लोक आपल्या बाजूची कारणे भराभर देत आणि विरुद्ध बाजूची अगदी तुरळक. अधिक बुद्धिमान माणसे स्वतःच्या बाजूची कारणे अधिक देत. दुसऱ्या बाजूची कारणे देण्यात मात्र बुद्धीने फरक पडत नव्हता. कीथ स्टॅनोविच यांच्या नंतरच्या संशोधनानेही आपल्याच बाजूने विचार करण्याच्या या कलापासून बुद्धिमत्ता वाचवत नाही, हेच दाखवले. पण पर्किन्स आणि सहकाऱ्यांना एक आशादायक गोष्टही आढळली. ‘दुसऱ्या बाजूने आणखी काय म्हणता येईल?’ असे नेटाने विचारले की तीच माणसे कितीतरी पटींनी अधिक विरुद्ध कारणे सांगत. याचा अर्थ कुवत होती. तिला कामाला लावण्याची सवय नव्हती. सवय शिकवता येते.

ती सवय प्रश्नाच्या शब्दरचनेपासूनच घडते किंवा बिघडते. मायकेल नसबाउम आणि कॅरोलॅन कार्डॅश यांनी २००५ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात ‘वाचकाला पटवून द्या’ एवढीच सूचना दिली, तेव्हा प्रतिवादांची संख्या घटली. ‘विरुद्ध बाजू काय म्हणेल ते लिहा आणि त्याला उत्तर द्या’ अशी नेमकी सूचना मिळाल्यावर ती वाढली. २००७ मध्ये नसबाउम आणि ग्रेगरी श्रॉ यांनी पुढचे पाऊल टाकले: चांगल्या युक्तिवादाचे निकष आधी समजावले किंवा दोन्ही बाजू मांडण्यासाठी साधी आकृती दिली, तर विद्यार्थी दोन्ही बाजूंचा मेळ घालून निष्कर्षाकडे अधिक चांगल्या रीतीने जातात. युक्तिवादाचे नकाशे काढायला शिकवण्याचे प्रयोगही याच जातीचे आहेत. मेलबर्न विद्यापीठात टिम व्हॅन गेल्डर यांनी ते रुजवले. प्रिन्स्टन विद्यापीठातील पहिल्या वर्षाच्या परिसंवादवर्गांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, युक्तिवादाची आकृती काढण्याचा सराव आणि युक्तिवादी निबंध यांची जोड घेतलेल्या विद्यार्थ्यांची तर्कचाचणीतील प्रगती तुलनेच्या गटापेक्षा प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.७ पट अधिक होती. सत्रभराच्या शिक्षणाचा एवढा परिणाम क्वचितच दिसतो. इथे विद्यार्थी गटांत चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, हे लक्षात घेऊनही तो दुर्लक्षण्याजोगा नाही.

हे काम प्रत्यक्षात कसे दिसते, ते एका उदाहरणाने पाहता येईल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये बंदी उठवली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘कांदा निर्यातबंदीचे परिणाम लिहा’ असे विचारले तर तो सहा मुद्दे लिहील. ‘ही बंदी योग्य होती का?’ असे विचारले तर त्याला भूमिका घ्यावी लागेल. समजा त्याने लिहिले, की बंदी अयोग्य होती, कारण तिच्यानंतर लासलगावच्या बाजारात भाव कोसळले. स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली ‘द यूझेस ऑफ आर्ग्युमेंट’मध्ये दिलेल्या मांडणीने पाहिले तर इथे दावा आहे आणि आधारही आहे, पण आधाराला दाव्याशी जोडणारे तत्त्व लिहिलेलेच नाही. भाव बंदीमुळेच पडले, हे त्याने मनाशी धरलेले आहे. त्याच दिवसांत लाल कांद्याची आवक वाढत असते. मग घसरणीतला कोणता वाटा आवकेचा आणि कोणता बंदीचा, हे वेगळे करायला हवे. शिवाय शेतकऱ्याचे नुकसान झाले एवढ्याने धोरण अयोग्य ठरत नाही. त्यासाठी शेतकऱ्याचे उत्पन्न आणि शहरातल्या गरीब ग्राहकाचा खर्च यांत कोणाला किती महत्त्व द्यायचे, हे मूल्य उघडपणे मांडावे लागते. आता त्याला सरकारची बाजू लिहायला सांगा: खरिपाचे पीक कमी आले होते, भाव चढत होते, साठा पुरवायचा होता. या बाजूला उत्तर देताना त्याची मूळ भूमिका कदाचित टिकेल, कदाचित ‘पूर्ण बंदीऐवजी निर्यातशुल्क पुरेसे होते’ अशी बदलेल. दोन्ही परिणाम चांगलेच आहेत, कारण आता ती भूमिका विचार करून घेतलेली आहे. सहा मुद्द्यांच्या उत्तरात यातले काहीही घडले नसते.

या मताला गंभीर आक्षेप आहेत. पहिला विषयज्ञानाचा. जॉन मॅकपेक यांनी १९८१ मध्ये आणि डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७ मध्ये असे मांडले, की विचार हा नेहमी कशाबद्दल तरी असतो. इतिहासातला चांगला युक्तिवाद आणि रसायनशास्त्रातला चांगला युक्तिवाद यांच्या कसोट्या वेगळ्या. विषय न शिकवता चिकित्सक विचाराचा स्वतंत्र पेपर ठेवणे व्यर्थ आहे. हा आक्षेप बव्हंशी मान्य करायला हवा. कांद्याच्या उदाहरणात मागणी-पुरवठ्याचे ज्ञान नसलेला विद्यार्थी आवकेचा प्रश्न उपस्थितच करू शकणार नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘फक्त विषय शिकवा’ असा नाही. फिलिप अब्रामी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ११७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सरासरी परिणाम प्रमाण विचलनाच्या ०.३४ पट निघाला. विषयात बुडवून विचार आपोआप येईल अशी वाट पाहणाऱ्या अभ्यासक्रमांचा परिणाम सर्वांत कमी होता. विषय शिकवता शिकवता युक्तिवादाची तत्त्वेही स्वतंत्रपणे आणि उघडपणे शिकवणाऱ्या मिश्र पद्धतीचा परिणाम सर्वांत अधिक होता. म्हणून युक्तिवादी लेखन भाषाविभागाकडे सोपवून मोकळे होता येणार नाही. ते अर्थशास्त्राच्या, भूगोलाच्या, जीवशास्त्राच्या प्राध्यापकाचेच काम आहे.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. ड्वाइट ॲटकिन्सन यांनी १९९७ मध्ये असा मुद्दा मांडला, की चिकित्सक विचार ही पाश्चात्त्य समाजात नकळत अंगी मुरणारी सामाजिक रीत आहे. ती इतर संस्कृतींतल्या विद्यार्थ्यांवर लादण्यापूर्वी विचार करावा. भारतापुरता हा मुद्दा टिकत नाही. न्यायसूत्रांनी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी अनुमानाची पाच अंगे सांगितली. सत्य ठरवण्यासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडणारी वितंडा, असा भेदही केला. नसबाउम यांच्या प्रयोगातील ‘पटवून द्या’ आणि ‘दोन्ही बाजू तपासा’ यांतला फरक या भेदाच्या अगदी जवळ जातो. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी मांडून मग सिद्धान्ताकडे जाण्याची शिस्त होती. ही परंपरा बहुसंख्य समाजाला बंद होती, हेही तितकेच खरे, आणि म्हणूनच महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाचे मोल मोठे आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना धोंडिबाच्या प्रश्नांना उत्तरे देत मांडणी केली. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’त स्त्रियांवर ठेवले जाणारे एकेक दूषण उचलून ते पुरुषांच्या वर्तनाशी ताडून पाहिले. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि वाचकांच्या रूढ समजुतींशी वर्षानुवर्षे वाद घातला. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’चे भाषण १९३६ मध्ये छापले आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेले स्वतःचे उत्तर एकत्र प्रसिद्ध केले. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्याच पुस्तकात छापून त्याला उत्तर देणे, याहून चांगला नमुना विद्यार्थ्यासमोर ठेवता येणार नाही. ज्यांना शिक्षणच नाकारले गेले त्यांनी आणि त्यांच्यासाठी लढणाऱ्यांनी युक्तिवादाचे हे शस्त्र हाती घेतले, हे ध्यानात घेतले म्हणजे युक्तिवादी लेखन परके आहे असे म्हणणे किती अन्यायाचे ठरते, ते कळते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: युक्तिवाद शिकवल्याने माणूस आपल्या पूर्वग्रहांचा अधिक चतुर वकील तर होणार नाही? ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर यांनी २०११ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाची तर्कशक्ती मुळात इतरांना पटवण्यासाठी आणि इतरांचे म्हणणे पारखण्यासाठी विकसित झाली. एकटा माणूस आपल्याच मताला कारणे शोधत बसतो. पण न पटणाऱ्या माणसांशी वाद झाला की हीच शक्ती चुका पकडते. भीती खरी आहे आणि उपायही त्यातच आहे. एकाने एकट्याने लिहून थेट शिक्षकाकडे दिलेल्या निबंधात हा धोका राहतोच. कून यांनी न्यूयॉर्कमधील शाळकरी मुलांसोबत केलेल्या तीन वर्षांच्या प्रयोगात विरुद्ध मताच्या सहाध्यायांशी नियमित संवाद करवला, तेव्हा त्या मुलांच्या स्वतंत्र निबंधांतही दुसऱ्या बाजूचा विचार दिसू लागला. आधी समोरच्या माणसाने विचारलेला प्रश्न हळूहळू लिहिणारा स्वतःलाच विचारू लागतो. म्हणून लेखनाला वाद जोडला पाहिजे आणि वादाला पुनर्लेखन.

चौथा आक्षेप प्रत्येक प्राध्यापकाच्या ओठावर असतो: तुकडीत शंभराहून अधिक विद्यार्थी असताना हे तपासणार कोण? शंभर विद्यार्थ्यांच्या सहाशे शब्दांच्या लेखाला प्रत्येकी दहा मिनिटे धरली तरी सतरा तास लागतात, आणि मसुदे दोन असले तर त्याच्या दुप्पट. रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वाने नेमलेल्या प्राध्यापकांकडून ही अपेक्षा करताना त्यांना त्या तासांचा मोबदलाही द्यायला हवा, हे शासनाने आणि संस्थांनी मान्य केले पाहिजे. पण भाराचा मोठा भाग परस्पर परीक्षणाने उचलता येतो, आणि त्यात तडजोड नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फक्त सहाध्यायांचे लेखन तपासणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे लेखन, फक्त अभिप्राय मिळवणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. क्वांगसू चो आणि चार्ल्स मॅकआर्थर यांना २०१० मध्ये असे आढळले, की अनेक सहाध्यायांचे अभिप्राय मिळालेल्या विद्यार्थ्यांचे पुनर्लेखन एकाच तज्ज्ञाचा अभिप्राय मिळालेल्यांपेक्षा सरस होते. अट एकच: काय शोधायचे याचे निकष आधी स्पष्ट केलेले असावेत. दावा कोणता, आधार कोणता, कोणता आक्षेप राहून गेला, एवढे तीन प्रश्नही पुरतात. दुसऱ्याच्या लेखातला राहून गेलेला आक्षेप शोधणारा विद्यार्थी तीच नजर आपल्या लेखाकडे वळवतो.

पाचवा आक्षेप नवा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि घरून लिहून आणलेल्या निबंधावरचा विश्वास संपला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचारावर काय परिणाम होतो, याचे संशोधन अजून कोवळे आहे. २०२५ मध्ये एमआयटी मीडिया लॅबने ५४ जणांवर केलेल्या प्राथमिक अभ्यासात यंत्राच्या मदतीने निबंध लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्याच निबंधातले वाक्य नीट सांगता आले नाही. पण एवढ्या छोट्या आणि तज्ज्ञपरीक्षणाआधी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावर मोठी इमारत उभारू नये. तर्काने मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे. लेखनाचे शैक्षणिक मोल तयार मजकुरात कधीच नव्हते. ते मजकूर घडवताना होणाऱ्या झगड्यात होते. यंत्र तो झगडा वाचवते, आणि त्यासोबत शिक्षणही. म्हणून गुण शेवटच्या मजकुराबरोबर त्याच्या घडणीलाही द्यावेत. पहिला मसुदा वर्गात, हाताने, सहाध्यायांचे अभिप्राय, काय बदलले आणि का बदलले याचा परिच्छेद, आणि शेवटी पाच मिनिटांची तोंडी परीक्षा, जिच्यात विद्यार्थ्याने आपली भूमिका समोरासमोर सांभाळायची. हे काम यंत्राकडून करून घेणे अवघड आहे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या धारेचा आहे. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेले असंख्य विद्यार्थी पदवीला इंग्रजीत लिहू लागतात आणि उसनी वाक्ये जोडण्यात त्यांची सारी शक्ती जाते. पॉल स्टेपलटन यांनी २००१ मध्ये जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनाच्या अभ्यासातून दाखवले, की विषय ओळखीचा असला तर युक्तिवादाचा दर्जा वाढतो. आशियाई विद्यार्थ्यांत चिकित्सा नसते, हा समज त्यातून खोटा ठरतो. आपल्या विद्यार्थ्यांना आधी त्यांच्या भाषेत आणि परिसरातल्या प्रश्नांवर वाद घालू द्यावा: मराठवाड्यातला ऊस, कोकणातले प्रकल्प, शहरांतले पुनर्वसन. युक्तिवादाची शिस्त एकदा हाती आली की ती इंग्रजीत नेता येते. उलटा प्रवास फार कठीण आहे.

विद्यापीठाबाहेरची परिस्थितीही बदलते आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी २०२२ मध्ये वर्णनात्मक पद्धत जाहीर केली आणि विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर तिची अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. तयारीला वेळ मिळावा, ही विद्यार्थ्यांची मागणी रास्त होती. पण पदवी मिळवलेल्या तरुणांना सलग आणि सकारण लिहिण्यासाठी नव्याने तयारी करावी लागते, ही त्यांची चूक नाही. ज्या महाविद्यालयांनी त्यांना तीन वर्षे पर्याय निवडायला आणि टिपा लिहायला लावले, त्यांची ती उणीव आहे.

म्हणून सुरुवात लहान पण नेमकी असावी. प्रत्येक विषयाच्या प्रत्येक सत्रात, अंतर्गत मूल्यमापनाचा भाग म्हणून, त्या विषयातल्या खऱ्या वादाच्या एका प्रश्नावर सहाशे ते आठशे शब्दांचा एकच लेख लिहून घ्यावा. दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली आहे का, याला सर्वाधिक गुण असावेत. सहाध्यायांनी तो तपासावा, लेखकाने तो पुन्हा लिहावा. विद्यार्थ्याची भूमिका प्राध्यापकाच्या मताविरुद्ध गेली तर त्याचे गुण कमी होणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि पाळावे; त्याशिवाय बाकी सगळे व्यर्थ आहे. अभ्यास मंडळांच्या सदस्यांना विनंती एवढीच, की पुढच्या वेळी प्रश्नपत्रिकेचा आराखडा ठरवताना प्रत्येक विषयात असा किमान एक प्रश्न ठेवा, ज्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये मिळणार नाही आणि ज्यावर दोन हुशार विद्यार्थी परस्परविरुद्ध उत्तरे लिहूनही पूर्ण गुण मिळवू शकतील.